फ्रान्सची पाचवी

सातवीच्या वर्गात आम्ही दोन मुली आणि चौतीस मुलगे होतो. बसायला तरटाच्या लांब पट्ट्या असायच्या. मुलग्यांना पाच पट्ट्या पुरत नसत, ते मांडीला मांडी घासत बसायचे. आम्हां दोघींना मात्र खिडकीखालची एक अख्खी पट्टी होती. तिच्यावर आणखी दहा जणी सहज मावल्या असत्या. पण त्या दहा जणी चौथीनंतर घरी बसल्या होत्या, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळत, कुणी शेळ्यांमागं. मला त्याचं काही वाटत नसे. ऐसपैस बसायला मिळतं, याचाच आनंद होता. बाराव्या वर्षी मी चांगलीच आपमतलबी होते.

सत्तर-एकाहत्तर सालची ही गोष्ट. आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडं कोसभर, गोदावरीच्या काठी. घरी शेती होती. ऊस, कांदा, बांधाला चार पेरूची झाडं. वर्गातली दुसरी मुलगी तलाठ्यांची होती. दिवाळीच्या सुट्टीत तलाठीभाऊसाहेबांची बदली झाली, त्यांचं सामान बैलगाडीतून स्टेशनवर गेलं, आणि शाळा उघडली तेव्हा पट्टीवर मी एकटीच.

पहिले दोन दिवस मी राणीच्या थाटात बसले. तिसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी अण्णांना विचारलं, "पोरगी एकलीच बसती म्हनं पोरांत?" अण्णा म्हणजे माझे वडील. ते तापट नव्हते, मुलींनी शिकू नये असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. पण पारावर कुणी काही बोललं, की त्यांना जेवण गोड लागत नसे. रात्री भाकरीचा तुकडा हातात धरून ते आईला म्हणाले, "पोरगी हुशार हाय, त्यात वाद न्हाई. पन एकली न्हाई बसायची. जोडीला कोन आली तर ठीक. न्हाईतर संक्रांतीपासून घरी."

हा नियम अण्णांनी काढलेला नव्हता, गावचाच होता. दोघी असल्या तर त्या शाळेतल्या मुली, एकटी असली तर तो पारावरचा विषय. आणि खरी मेख अशी, की सातवी तेवढी पार पडली असती तर प्रश्नच नव्हता. आठवीपासून पुणतांब्याच्या हायस्कुलात जायचं होतं आणि तिथं आसपासच्या गावांतल्या आठ-दहा मुली घोळक्यानं जात. आडवी आली होती ती फक्त सातवी. मी रडले, पाय आपटले, एक दिवस जेवले नाही. अण्णा म्हणाले, "संक्रांतीपर्यंत जा की, कोन नगं म्हनतंय!" मी आठवडे मोजले. आठ भरले.

आणि त्याच आठवड्यात आमच्या माडीवरच्या खोलीत भाडेकरू आले, ते थेट फ्रान्सहून.

आई आणि मुलगी. आई पुण्याच्या कुठल्याशा प्राध्यापकांची चिठ्ठी घेऊन आलेली. गोदेकाठचे जुने घाट आणि देवळं तिला मोजून कागदावर उतरवायची होती, काम एप्रिलपर्यंत चालणार होतं. मुलीचे वडील तिकडं नोकरीवर. बाई सुती साडी नेसायची पण चालायची लांब ढांगा टाकत, त्यामुळं निऱ्यांची आणि तिची सारखी लढाई. मराठी ती पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांवरून शिकली होती. आमच्या म्हशीला ती 'महिषी' म्हणायची. म्हैस कान हलवायची. तिलाही बरं वाटत असावं.

माझं लक्ष सगळं मुलीकडं. आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो तर ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. माझ्या आईनं वय विचारलं तर बाई म्हणाली, "द्वादश वर्षे पूर्ण." मलाही नुकती बारा पूर्ण झालेली. मी धावत गोठ्यात जाऊन आईला मिठी मारली. बारा वर्षांची मुलगी म्हणजे सातवीच! देवानं माझ्यासाठी फ्रान्सहून मुलगी धाडली होती, तीही आमच्याच माडीवर.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना शाळेत घेऊन गेले. आमचे हेडमास्तर म्हणजे काळा कोट, पांढरी टोपी आणि वळणदार अक्षर. शाळेत भिंत पडली असती तर त्यांनी आधी नोंदवही वाचवली असती. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "कितवीत आहे मुलगी?"

"माझी कन्या पाचव्या इयत्तेत आहे," बाई म्हणाली.

हेडमास्तरांनी मुलीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पाचव्या? नक्की ना?"

"नक्की. गतवर्षी ती..."

"असू दे, असू दे," हेडमास्तर हात वर करून घाईघाईनं म्हणाले. त्यांच्या मनात आलं, बिचारी दोन वर्षं नापास झालेली दिसते. पोरीसमोर आईला ते बोलायला कशाला लावा. आपल्याकडं नापास मुलाच्या घरी निकालाचा विषय काढत नाहीत, ती रीत त्यांनी फ्रान्सलाही लावली. वळणदार अक्षरात 'इयत्ता ५ वी' असं लिहून त्यांनी वर टीपकागद दाबला. त्या वर केलेल्या एका हातानं पुढचे दोन महिने सगळा घोळ घातला.

ती पाचवीत बसायला लागली. पाचवीची पोरं तिच्या कमरेला लागायची. तिला 'ताई' म्हणायची, तिच्याकडून पाटीच्या पेन्सिलींना टोक काढून घ्यायची. आणि मी भिंतीपलीकडं सातवीत, माझ्या लांबलचक पट्टीवर एकटी. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी चिंचेखाली बसायचो. पण मधली सुट्टी अण्णांच्या हिशोबात धरली जात नव्हती.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. 'मडमेची पोर दोनदा बसली' हे ऐकून गावाला तिचा लळाच लागला. तोवर ती परकी होती. नापास झालेली म्हटल्यावर आपल्यातलीच झाली. एका आजीबाईंनी ब्राह्मीचं तेल आणून दिलं, डोक्याला लावायला. सोनारणीनं भिजवलेले बदाम पाठवले. माझ्या आईनं रोज सकाळी वाटीत तूप आणि खडीसाखर द्यायला सुरुवात केली, मला नाही, तिला! कशासाठी ते कुणी सांगत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. ती सगळं आवडीनं खायची. बाईनं तर आपल्या जाड वहीत लिहून ठेवलं, की या भागात शाळेत नव्यानं आलेल्या मुलीला गावानं बदाम आणि तूप देण्याची प्रथा आहे. हे तिनंच पुढं आम्हाला वाचून दाखवलं.

आईनं मला मात्र बजावलं होतं, "तिला कितवीत हाय आसं कंदी इचारू नगंस. नापास माणसाला इयत्ता इचारू न्हाई." मी विचारलं नाही. मी चांगली मुलगी होते, निदान डिसेंबरपर्यंत.

डिसेंबरात चाचणी परीक्षा झाली आणि गणितात ती पाचवीत पहिली आली. मराठीत शून्य, पण गणितात शंभरपैकी शंभर. हेडमास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. प्रार्थनेनंतर त्यांनी तिला ओट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "फ्रान्ससारख्या पुढारलेल्या देशात जी मुलगी मागं पडली, ती आपल्या शाळेत चार आठवड्यांत पहिली आली! टाळ्या!" आम्ही टाळ्या वाजवल्या. तिला एक अक्षर कळलं नाही, तीही वाजवायला लागली. त्याच महिन्यात तपासणीला साहेब आले. त्यांच्यासमोरही हेडमास्तरांनी तिला उभं केलं, आणि साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या म्हणे. हेडमास्तर आठवडाभर चालताना जमिनीला पाय लावत नव्हते.

मला तिचा राग यायला लागला होता. राग म्हणजे काय, जळफळाटच. हिला तूप, हिला टाळ्या, आणि संक्रांत आली आठ दिवसांवर, घरी बसणार मी!

इतक्या दिवसांत तिला थोडं मराठी यायला लागलं होतं आणि मला थोडं फ्रेंच. पाणी, भाकरी, कुत्रा, ये, जा, एवढं. तिच्या आईकडून मी एक पूर्ण वाक्य मात्र गुपचूप शिकून ठेवलं होतं. रविवारी आम्ही आईबरोबर मळ्यात गेलो होतो. आई आणि चार बाया कांद्याचे वाफे खुरपत होत्या, आम्ही दोघी बांधावर पेरू खात बसलो होतो. तिनं मोठा पेरू स्वतः घेतला आणि मला छोटा दिला. एवढं निमित्त पुरलं. आईचं बजावणं धाब्यावर बसवून मी विचारलं,

"त्यू ए आं केल क्लास?" तू कितवीत आहेस?

मला वाटलं ती खाली मान घालेल. तिनं पेरूचा घास गिळला आणि ताठ मानेनं सांगितलं, "आं सँक्येम!" आणि पाच बोटं दाखवली. पाचवीत.

नापास झाल्याची एवढी ऐट? मी मागं हात करून खुणेनं विचारलं, याच्या आधी? तिनं सहा बोटं दाखवली. मी गोंधळले. पुढं हात करून विचारलं, पुढच्या वर्षी? तिनं पाच बोटांतला अंगठा मिटला. चार. त्याच्या पुढं? करंगळी मिटली. तीन. मग दोन. मग एक. मग ती मूठ तिनं हवेत उंच केली, म्हणाली, "तेर्मिनाल!" आणि गवतावर मागं अंग टाकून हसायला लागली.

माझा राग कुठल्या कुठं पळाला. मला रडूच फुटलं. मी वाफ्यात धावत गेले. "आई, आगं तिला दर वर्षी खाली उतरवनार हायेत! सहावीत हुती, पाचवीत घातली, आता चौथीत, मग तिसरीत! पहिलीपर्यंत आननार हायेत तिला!"

बाया खुरपी थांबवून 'आरं द्येवा' म्हणायला लागल्या. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला. आईनं मात्र मुलीला हाक मारली, समोर बसवलं आणि पुन्हा बोटं मोडायला लावली. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, मूठ. आई त्या मिटत्या बोटांकडं बघत राहिली. मग तिनं मागं वळून वाफ्यांकडं पाहिलं, आणि एकदम हसली.

"येडे, खाली कुटली उतरतीय ती? आपन खुरपाया बसलो की किती वाफं झालं आसं मोजतो का? किती ऱ्हायलं ते मोजतो. सा ऱ्हायलं, पाच ऱ्हायलं, चार ऱ्हायलं. सकाळधरनं काय केलं ते इचारून कुनाची पाठ थांबलीय? ऱ्हायलं किती, ते म्हाईत असलं की हात चालतो. ही मान्सं शाळा तशी मोजत्यात."

खुरपणाऱ्या सगळ्या बायांना ते लगेच पटलं. मला पटायला वेळ लागला, कारण मी शिकलेली होते.

"म्हंजी ती पाचवीत न्हाई?" मी विचारलं.

"ती कितवीत हाय ते हेडमास्तरास्नी इचारू," आई म्हणाली आणि खाली मान घालून पुढचा वाफा धरला.

भोगीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आई शाळेत आली. मला आठवतं तसं ती पहिल्यांदाच शाळेत आली होती. फडक्यात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी होती, हेडमास्तरांसाठी. मागं फ्रेंच बाई, तिची मुलगी आणि सगळ्यात मागं अण्णा. अण्णांना आईनं कसं आणलं ते मला अजून कळलेलं नाही. कार्यालयात बसायला खुर्च्या दोनच, त्यामुळं सगळेच उभे राहिले.

आईनं सांगितलं तसं हेडमास्तरांचा चेहरा उतरत गेला. पाचवीतून पहिली आलेली मुलगी हातची जाणार होती, आणि साहेबांनी शेरेबुकात लिहिलं होतं ते वेगळंच.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. "बाई, पाचाच्या पुढं सहा येतात. हे फ्रान्समध्येही येत असणारच."

"अर्थातच येतात," बाई म्हणाली. "परंतु सहावी इयत्ता गतवर्षी झाली. मी त्या दिवशी सांगत होते, आपण 'असू दे' म्हणालात."

"मग पुढच्या वर्षी?"

"चौथी."

"म्हणजे मुलगी दर वर्षी पास होऊन..."

"लहान अंकाकडे जाते. अखेरीस पहिली, आणि त्यानंतर अंतिम. मग विद्यापीठ." बाईनं जरा थांबून विचारलं, "आम्हां दोघींना वाटत होतं, या प्रांतात पाचवीतील बालके फारच लहान का? मी विचारले नाही. आपणांस वाईट वाटले असते."

हेडमास्तरांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग खडू घेऊन ते भिंतीवरच्या फळ्याकडं वळले. डावीकडं आपली पहिली, त्याखाली दुसरी, तिसरी, अशा मॅट्रिकच्या अकरावीपर्यंत ओळीनं लिहिल्या. बाईला विचारून विचारून समोर त्यांच्या लिहिल्या. आपल्या पहिलीसमोर त्यांची अकरावी. दुसरीसमोर दहावी. आपल्या बाजूला अंक चढत होते, त्यांच्या बाजूला उतरत होते. आपल्या सातवीसमोर आली त्यांची पाचवी.

सातवीसमोर! मी ओरडायचीच बाकी होते. पण हेडमास्तर माझ्याही आधी ओरडले.

"बारा!" ते म्हणाले. "सात आणि पाच बारा! सहा आणि सहा बारा! एक आणि अकरा बारा! कुठलीही ओळ घ्या, बेरीज बाराच! कुणाच्या लक्षात आलं होतं का हे?" बाईनं प्रामाणिकपणे मान हलवली, की नाही, फ्रान्समध्ये हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. हेडमास्तरांचा चेहरा पुन्हा फुलला. गेलेली अब्रू त्यांना बारानं व्याजासकट परत दिली.

सगळे हसत होते. तेवढ्यात आई पुढं झाली आणि फळ्याकडं बोट करून म्हणाली, "गुरुजी, आन् माजी चौथी कुटं येती?"

हेडमास्तरांनी खडू चौथीवरून समोर नेला. "तुमची चौथी म्हणजे... वा! आठवी! बाई, तुम्ही तर फ्रान्सच्या आठवी पास!"

अण्णासुद्धा हसले. आई हसली नाही. फळ्याकडं बघत म्हणाली, "आठवी पास न्हाई, गुरुजी. आठ ऱ्हायल्यात."

आई अण्णांकडं वळली. मुली चारचौघांत आपल्या वडलांना बोलत नाहीत, बायका नवऱ्याला तर नाहीच. पण त्या दिवशी ती बोलली, आणि आवाजही चढवला नाही. "मला चौथीतनं काडलं तवा मी बी पट्टीवर एकलीच हुते. जोडीदारीन मिळंपर्यंत थांब म्हनलं हुतं. मी आजून थांबलीया. हिची जोडीदारीन ही हितं हुबी हाय. आता पारावर कोन काय म्हनंल ते तुमी मला सांगू नगा. हसत्याल त्याचं दात दिसत्याल."

अण्णांनी घसा खाकरला. ते फळा बघत होते की आईला, ते मला दिसलं नाही. मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला, की लाजही वाटली. इतकी वर्षं मी तिला फक्त भाकऱ्या करणारी समजत होते. शेवटी अण्णा हेडमास्तरांना म्हणाले, "गुरुजी, त्या वहीत खाडाखोड चालती का?"

"चालत नाही," हेडमास्तर म्हणाले. "पण करतो." आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी आपल्या वळणदार अक्षरावर लाल शाईनं रेघ मारली, वर सातवी लिहिलं आणि बाजूला सही केली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या पट्टीवर येऊन बसली. पाचवीची पोरं दारात रडत उभी होती. सातवीत तिला गणितात शंभरपैकी बासष्टच पडले, मला एकाहत्तर, आणि घरचं तूप त्याच दिवशी बंद झालं. हेडमास्तरांनी साहेबांना काय सांगितलं ते कळलं नाही. पण पुढं कित्येक वर्षं नवीन शिक्षक आला, की ते त्याला फळ्यापाशी नेऊन बाराची बेरीज दाखवायचे, आणि तो शोध आपलाच असल्याचं सांगायचे. तो खरंच त्यांचाच होता.

एप्रिलमध्ये आमची परीक्षा झाली आणि त्या दोघी गेल्या. तोवर आईनंही माझं ते फ्रेंच वाक्य आणि त्याची सगळी उत्तरं पाठ केली होती. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढून चार बोटं दाखवली. मी आठ दाखवली. प्लॅटफॉर्मवरच्या हमालाला वाटलं, आम्ही कशाचा तरी भाव करतोय.

तेव्हापासून आई माझी शाळा फ्रान्सच्या पद्धतीनं मोजायला लागली. कुणी विचारलं, "पोरगी कितवीला?" की आई सांगायची, "चार ऱ्हायल्या." मध्ये दुष्काळ आला, विहीर आटली, आई आणि अण्णा दोघंही खडी फोडायला गेले. त्या साली मी नववीत होते. एका संध्याकाळी अण्णा अंगणात बसून म्हणाले, "काय करायचं गं हिच्या शाळंचं?" आई खडीनं सोललेले हात धुवत होती. "तीन ऱ्हायल्या," ती म्हणाली.

मी मॅट्रिक झाले तेव्हा अण्णांनी पेढे वाटले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "झालं बाबा येकदाचं!"

"झालं कुटं?" आई म्हणाली. "अकरावी म्हंजी त्येंची पयली. मूठ ऱ्हायली की आजून." आणि तिनं मूठ हवेत उंच केली, तशीच, बांधावरच्यासारखी. त्या मुठीमुळं मी श्रीरामपूरला कॉलेजात गेले. मूठ एका वर्षाची होती, पण एकदा कॉलेजात गेल्यावर मला मागं कोण बोलावतं!

ते पहिलं वर्ष पास होऊन मी घरी आले आणि आईच्या समोर बसून म्हणाले, "आई, संपल्या. आता एक बी ऱ्हायली न्हाई."

"तुज्या सरल्या," ती म्हणाली. पदराला हात पुसत उठली, आणि अगदी सहज, मीठ कुठं ठेवलंय असं विचारावं तसं तिनं विचारलं, "तुजं पाचवीचं पुस्तक कुटं हाय गं?"

ते पुस्तक ट्रंकेत तळाशी सापडलं. त्याला कव्हर नव्हतं. आईनं ते वाचायला तीन वर्षं घेतली. कांदा होता, ऊस होता, माझ्या भावांची लग्नं होती. मग सहावीचं घेतलं. अभ्यासक्रम बदलले, पुस्तकं बदलली, तिला फरक पडला नाही. परीक्षा तिनं दिली नाही कधी. ज्या वर्षी जमलं नाही, त्या वर्षी जमलं नाही.

आई आता पंच्याऐंशीची आहे. गेल्या दिवाळीत माझी नात पुण्याहून आली. ती शाळेत फ्रेंच घेते, आणि घरात कुणालाच कळत नाही म्हणून भाव खाते. ओट्यावर आई भिंग घेऊन नववीचं इतिहासाचं पुस्तक वाचत बसली होती. नातीनं गंमत म्हणून पणजीसमोर उकिडवं बसून विचारलं, "त्यू ए आं केल क्लास?"

आईनं भिंग खाली ठेवलं. पुस्तकात खूण म्हणून कांद्याची वाळकी पात घातली. "आं त्रवाझिएम," ती म्हणाली आणि तीन बोटं वर केली.

नात आधी दचकली, मग खो खो हसली. "पणजी, तिसरीत? अजून?"

"तीनच ऱ्हायल्यात," आई म्हणाली, आणि पुन्हा भिंग उचललं.